हाताने घडवलेले उच्च दर्जाचे ट्रम्पेट आणि त्यांची तुलना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रम्पेट वाजवणाऱ्या वाचकांकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सर्व मोजमापे बी-फ्लॅट ट्रम्पेटची आहेत.

१. ‘बुटीक’ ट्रम्पेट आणि ‘कस्टम’ ट्रम्पेट एकच का?

नाही. मोजक्या कारागिरांच्या छोट्या कार्यशाळेत कमी संख्येने तयार होणारा तो बुटीक ट्रम्पेट, आणि एका विशिष्ट वादकाच्या मागणीप्रमाणे भाग निवडून जुळवलेला तो कस्टम ट्रम्पेट. काही छोटे निर्माते ठरावीक मॉडेलेच बनवतात, तर काही मोठे कारखाने मागणीप्रमाणे बदल करून देतात. छोट्या कार्यशाळेत प्रत्येक भाग तिथेच घडतो, असेही समजू नये. पिस्टन (बोटांनी दाबायच्या कळा) आणि त्यांच्या नळ्यांचा संच अनेक जण त्याच कामात मुरलेल्या कारखान्यांकडून घेतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. निर्मात्याचे खरे कौशल्य बेल (पुढचा पसरट तोंडाचा भाग), लीडपाइप (ओठांना लावायच्या माउथपीसला लागून असलेली पहिली नळी) आणि जुळणी या तीन ठिकाणी दिसते.

२. तुलनेसाठी कोणत्या निर्मात्यांची नावे माहीत असावीत?

आधी दोन संदर्भबिंदू पक्के करावेत. पहिला व्हिन्सेंट बाख यांचा. त्यांनी न्यूयॉर्कमध्ये माउथपीसपासून सुरुवात करून १९२४ च्या सुमारास ट्रम्पेट बनवायला घेतले. त्यांच्या कंपनीचा ‘स्ट्रॅडिव्हेरियस’, ३७ क्रमांकाच्या बेलचा, आजही बहुतेकांच्या डोक्यात ‘नेहमीचा ट्रम्पेट’ म्हणून असतो. दुसरा शिकागोचे रेनॉल्ड शिल्के यांचा. ते स्वतः शिकागो सिम्फनीचे वादक होते आणि त्यांनी १९५६ मध्ये आपली कंपनी सुरू केली. हलकी बांधणी आणि काटेकोर सूर ही त्या घराण्याची ओळख आहे. नवीन निर्मात्यांचे बरेचसे काम या दोहोंपैकी एकाला दिलेले उत्तर म्हणून समजून घेता येते.

त्यानंतरची नावे : अमेरिकेत पोर्टलंडचे डेव्हिड मोनेट, मिनेसोटाचे जेसन हॅरेलसन, टेनेसीचे क्लिफर्ड ब्लॅकबर्न, विस्कॉन्सिनची एडवर्ड्स आणि मॅसॅच्युसेट्सची शायर्स, इंग्लंडमध्ये नॉरिचचे अँडी टेलर आणि स्मिथ-वॉटकिन्स, नेदरलँड्समध्ये इटरवोर्टची अ‍ॅडम्स आणि मार्ग्रातनचे हब व्हान लार, जर्मनीत ब्रेमेनचे थाइन बंधू, ऑस्ट्रियात मांक गावची शागेर्ल, स्वित्झर्लंडमध्ये थॉमस इंडरबिनेन. यादी याहून मोठी आहे, पण एवढ्यांच्या विचारपद्धती समजल्या की बाकीच्यांना कुठे ठेवायचे ते कळते.

३. एवढी किंमत कशाची असते?

वेळेची. एका तुकड्याची बेल करताना पितळी पत्रा कापून, लांबीच्या दिशेने सांधून, साच्यावर हातोडीने ठोकून आकार देतात. मध्येमध्ये तापवून धातू मऊ करावा लागतो आणि शेवटी तो लेथवर फिरवून नितळ करतात. पिस्टन आणि त्याच्या नळीतील फट केसाच्या जाडीपेक्षा कमी ठेवावी लागते. पूर्ण झालेला ट्रम्पेट वाजवून पाहायचा, सांधा सोडवायचा, ताण काढून पुन्हा जोडायचा, हे काम तर मोजताच येत नाही. बहुतेक बुटीक ट्रम्पेट काही हजार डॉलरांत येतात आणि मोनेटची वरची श्रेणी पाच आकड्यांत जाते. तेथे कोरीवकाम आणि सजावटीचाही वाटा असतो. सजावटीचा आवाजाशी संबंध नाही, परंतु सुंदर वाद्याकडे हात अधिक वेळा जातो, हेही खरे.

४. दोन ट्रम्पेटची तुलना नेमकी कशी करावी?

आलेल्या प्रश्नांत सर्वांत महत्त्वाचा हाच आहे, म्हणून याचे उत्तर सविस्तर देत आहे. पहिला नियम असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. माउथपीस आपलाच, खोली तीच, वाजवायचा मजकूर तोच. दुकानातला माउथपीस लावून दुकानातला ट्रम्पेट वाजवला, तर आवडले किंवा नावडले ते नेमके काय, हे कधीच कळणार नाही.

दुसरी गोष्ट तापमानाची. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की सूर सुमारे ३ सेंटने (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढतो, म्हणजे १० अंशांच्या फरकाने जवळजवळ तृतीयांश अर्धस्वराचा फरक पडतो. वातानुकूलित खोलीत पडून असलेला थंड ट्रम्पेट आणि आपण तासभर वाजवत असलेला उबदार ट्रम्पेट यांची सुरांबाबत तुलना करणे हा अन्याय आहे. दोन्ही फुंकून सारखे गरम करावेत.

तिसरी गोष्ट, जोरात वाजवून निकाल देऊ नये. नवा ट्रम्पेट हाती आला की सगळे आधी उंच आणि मोठे वाजवतात, आणि तेथे चांगल्या दर्जाचे जवळपास सर्वच ट्रम्पेट उत्तीर्ण होतात. अगदी हळू आवाजात, जिभेचा आघात न करता, नुसत्या श्वासाने स्वर सुरू करून पाहावा. तो लगेच बोलतो का, की आधी हवा सुटते आणि मग स्वर येतो? त्यानंतर सावकाश सप्तकाच्या उड्या घ्याव्यात. प्रत्येक स्वर जणू खाचेत बसल्यासारखा सापडला पाहिजे, पण खाच इतकी खोल नको की स्वर थोडा वरखाली वाकवताच येऊ नये. ऑर्केस्ट्रातील वादकाला घट्ट खाच आवडते, जॅझ वाजवणाऱ्याला थोडी सैल.

चौथी गोष्ट, सुरांचे यंत्र वादकाने पाहू नये. ते दिसले की ओठ आपोआप स्वर दुरुस्त करतात. सोबत्याने पाहून नोंद करावी आणि नंतर दाखवावी. त्याच सोबत्याने १५-२० पावलांवर उभे राहून ऐकावे, कारण बेलच्या मागे ऐकू येणारा आवाज आणि समोर पोहोचणारा आवाज वेगळा असतो. मी स्वतः एकदा गालिचा घातलेल्या लहान खोलीत, स्वतःच्या कानाला भरदार वाटला म्हणून एक ट्रम्पेट निवडला होता. सभागृहात तिसऱ्या रांगेपलीकडे तो मंद आणि पोकळ ऐकू येत असे. त्या निवडीत चूक ट्रम्पेटची नव्हती, पद्धतीची होती.

शेवटी, जमल्यास डोळे मिटून दुसऱ्याच्या हातून ट्रम्पेट घ्यावेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे. पहिल्या दहा मिनिटांत जे ‘छान’ वाटते ते पुष्कळदा केवळ ‘वेगळे’ असते.

५. बोअर (नळीचा आतला व्यास) मोठा असला की आवाज मोठा होतो का?

सरळ संबंध नाही. बाखचा मध्यम-मोठा बोअर ११.६६ मिलिमीटरचा आणि मोठा ११.७३ मिलिमीटरचा, म्हणजे फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. हा आकडा फक्त दुसऱ्या व्हॉल्व्हच्या (पिस्टनने चालणाऱ्या झडपेच्या) नळीजवळच्या सरळ भागाचा असतो. फुंकताना जाणवणारा अवरोध त्याहून जास्त लीडपाइपच्या निमुळतेपणावर, माउथपीसच्या गळ्यावर आणि बेल कुठे उघडायला लागते यावर अवलंबून असतो. म्हणून मोठ्या बोअरचा पण घट्ट फुंकला जाणारा ट्रम्पेट आणि लहान बोअरचा पण मोकळा ट्रम्पेट, दोन्ही भेटतात. जाहिरातीतील बोअरच्या आकड्यावरून निवड करू नये.

६. बेलच्या धातूने आणि जाडीने खरोखर फरक पडतो का?

पडतो, पण लोक मानतात तितका नाही, आणि ऐकणाऱ्यापेक्षा वाजवणाऱ्याला तो अधिक जाणवतो. पिवळ्या पितळात सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते, सोनेरी पितळात सुमारे ८५ टक्के तांबे, आणि लालसर पितळात त्याहूनही जास्त. तांबे वाढले की आवाज ‘उबदार’ होतो, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. स्मिथ-वॉटकिन्सचे ध्वनिशास्त्रज्ञ रिचर्ड स्मिथ यांनी वेगवेगळ्या जाडीच्या बेल लावलेले ट्रम्बोन (ट्रम्पेटच्याच जातीचे मोठे वाद्य) नामवंत वादकांना न दाखवता वाजवायला दिले होते, आणि वजनाचा सुगावा लागू दिला नाही तेव्हा वादकांना ते ओळखता आले नाहीत. दुसऱ्या बाजूने, बेलच्या भिंतीची थरथर आवाजात मोजता येण्याजोगा, लहानसा फरक करते असेही प्रयोगांतून दिसले आहे.

माझे मत असे आहे की, धातू ही निवडीची शेवटची पायरी असावी. अ‍ॅडम्ससारखे निर्माते बेलचा धातू आणि पत्र्याची जाडी निवडू देतात, आणि ती सोय चांगली आहे. परंतु लीडपाइप आपल्याला जुळत नसेल, तर कोणताही धातू तो दोष झाकू शकत नाही.

७. जड ट्रम्पेट चांगला की हलका?

हलका ट्रम्पेट वादकाला चटकन प्रतिसाद देतो आणि जोर वाढवला की लवकर झगमगतो. जड ट्रम्पेटचा आवाज जोरातही एकसंध राहतो, पण वादकाच्या स्वतःच्या कानापर्यंत कमी पोहोचतो, आणि त्यामुळे सवय नसलेला वादक नकळत जास्त फुंकून थकतो. मोनेट आणि हॅरेलसन यांनी जडपणाच्या दिशेने बराच प्रवास केला आहे, तर शिल्केची परंपरा दुसऱ्या टोकाची आहे. दोन तासांच्या कार्यक्रमाच्या अखेरीस आपले हात आणि ओठ कसे असतात, याचा विचार करून निवडावे.

८. मोनेटवर माझा नेहमीचा माउथपीस चालेल का?

बसेल, पण चालणार नाही. मोनेट यांचे ट्रम्पेट त्यांच्याच माउथपीसला धरून आखलेले असतात. दुसरा माउथपीस लावला की सप्तके एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांच्या काही ट्रम्पेटमध्ये तर माउथपीस वाद्याचाच अविभाज्य भाग असतो. अमेरिकी जॅझ वादक विंटन मार्सालिस यांच्यामुळे जगभर ओळखला गेलेला प्रकार हाच. त्यामुळे मोनेटची तुलना प्रश्न ४ मधील ‘माउथपीस आपलाच’ या नियमाला अपवाद आहे. तेथे ट्रम्पेट आणि माउथपीस मिळून एक वाद्य मानावे, आणि शरीराला सवय होण्यासाठी काही आठवडे द्यावेत. दुकानातील अर्ध्या तासात मोनेट नाकारणे आणि स्वीकारणे, दोन्ही घाईचे आहे.

९. माउथपीस आणि लीडपाइप यांच्यामधील ‘गॅप’ म्हणजे काय?

माउथपीसची दांडी खोबणीत घट्ट बसल्यावर तिचे टोक आणि लीडपाइपची सुरुवात यांत जी जागा राहते, ती. सहसा ती मिलिमीटरभर ते तीन-चार मिलिमीटर असते, आणि एवढ्याशा जागेने स्वराची पकड आणि वरच्या सप्तकाचा सूर बदलतो. दांडीला कागदाची पट्टी गुंडाळून माउथपीस थोडा बाहेर ठेवून पाहावे. फुकट होणारा हा प्रयोग अनेकदा नवा ट्रम्पेट घेण्याचा विचारच पुढे ढकलतो. मी प्रत्येकाला आधी हेच करायला सांगतो.

१०. इतका महाग ट्रम्पेटही काही स्वरांवर बेसूर का?

कारण त्यात कारागिराच्या हाताबाहेरची दोन कारणे आहेत.

पहिले कारण नैसर्गिक स्वरमालिकेचे. व्हॉल्व्ह न दाबता मिळणाऱ्या स्वरांतील पाचवा, म्हणजे स्टाफच्या (पाश्चात्त्य स्वरलिपीतील पाच रेषांच्या) सर्वांत वरच्या जागेत लिहिलेला ई, पियानोच्या मानाने सुमारे १४ सेंट उतरलेला असतो. तानपुरा जुळल्यावर त्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. तानपुऱ्यासमोर तो अगदी खरा, आणि पियानोसमोर उतरलेला. चांगला निर्माता लीडपाइप आणि बेलच्या आकारात सूक्ष्म बदल करून तो थोडा चढवतो, पण तसे करताना शेजारचा एखादा स्वर हलतो. प्रत्येक निर्मात्याने कुठे तडजोड केली, हीच त्याची सही असते.

दुसरे कारण नळीच्या लांबीचे. नळी सुमारे १.४८ मीटर धरली, तर अर्ध्या स्वरासाठी दुसऱ्या व्हॉल्व्हला ८८ मिलिमीटर, पूर्ण स्वरासाठी पहिल्याला १८१ आणि दीड स्वरासाठी तिसऱ्याला २८० मिलिमीटर नळी लागते. पहिला आणि तिसरा एकत्र दाबला की ४६१ मिळतात, पण लागतात ४९६. तिन्ही दाबले की ५४९ मिळतात, आणि लागतात ६१३. नळी कमी पडली की स्वर चढतो. म्हणून तिसरा व्हॉल्व्ह प्रत्यक्षात किंचित लांब ठेवतात आणि खालचे डी व सी-शार्प वाजवताना तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड (सरकती नळी) बोटाने बाहेर सरकवावी लागते. हे काम कोणताही निर्माता वादकाच्या वतीने करू शकत नाही. पाहायचे ते एवढेच की, स्लाइड वाजवता वाजवता सहज सरकते का.

११. बेल, लीडपाइप बदलता येणारे ट्रम्पेट घेणे शहाणपणाचे का?

स्टुडिओत वेगवेगळे काम करणाऱ्यासाठी आणि स्वतःचा आवाज अजून शोधणाऱ्यासाठी, होय. एडवर्ड्सच्या ट्रम्पेटमध्ये बेल आणि लीडपाइप बदलता येतात. स्मिथ-वॉटकिन्सची कल्पनाच बदलत्या लीडपाइपवर उभी आहे, आणि त्यातील वॉटकिन्स म्हणजे जेम्स बाँड चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत अर्धशतक वाजवणारे डेरेक वॉटकिन्स. शिल्केच्या काही मॉडेलांत सुराची जुळवणी स्लाइडऐवजी बेल पुढेमागे सरकवून करतात. मात्र ज्याला प्रत्येक वाईट दिवसाचे खापर लीडपाइपवर फोडायची सवय लागेल, त्याने जोडलेलाच ट्रम्पेट घ्यावा.

१२. ऑर्केस्ट्रा, जॅझ आणि स्टुडिओ या सर्वांसाठी एकच ट्रम्पेट पुरेल का?

जॅझ आणि स्टुडिओसाठी पुरू शकतो. ऑर्केस्ट्रासाठी बहुधा नाही. अमेरिकी ऑर्केस्ट्रांत सी ट्रम्पेट (बी-फ्लॅटहून एक पूर्ण स्वर उंच) रूढ आहे, तर व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये रोटरी व्हॉल्व्हचे (पिस्टनऐवजी फिरत्या झडपांचे) ट्रम्पेट वाजतात. शागेर्ल आणि थाइन यांची ख्याती मुख्यतः या रोटरी प्रकारात आहे. पिस्टन आणि रोटरी यांची आपसांत तुलना करण्यात अर्थ नाही. त्यांचे स्वर एकमेकांत मिसळण्याचे ढंगच वेगळे आहेत.

१३. तेवढ्याच पैशांत जुना, नावाजलेला ट्रम्पेट घ्यावा का?

जॅझ वादक माइल्स डेव्हिस यांनी वाजवलेला मार्टिन ‘कमिटी’ किंवा बाख यांच्या, न्यूयॉर्कजवळच्या माउंट व्हर्नन येथील कारखान्याच्या काळातील ट्रम्पेट यांबद्दल ही विचारणा वारंवार होते. बाखची कंपनी १९६१ मध्ये सेल्मर या वाद्यकंपनीने घेतली आणि पुढे काम इंडियाना राज्यातील एल्कहार्टला गेले, म्हणून माउंट व्हर्ननच्या ट्रम्पेटना मान आहे. आवाजाबाबत मी तो मान योग्य समजतो. पण जुन्या ट्रम्पेटचे पिस्टन झिजलेले असतात, लीडपाइप आतून खाल्लेला असू शकतो, आणि एकाच मॉडेलचे दोन ट्रम्पेट सारखे निघत नाहीत. न वाजवता, केवळ छायाचित्र पाहून असा ट्रम्पेट घेऊ नये.

१४. मी शिकतो आहे किंवा लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो. मी कस्टम ट्रम्पेट घ्यावा का?

आत्ता नाही. कस्टम ट्रम्पेट मागवण्यासाठी आपल्याला काय हवे ते सांगता आले पाहिजे, आणि ते आठ-दहा वर्षे नियमित वाजवल्यावर कळते. मेरठच्या जाळी कोठीत तयार होणारा बँडचा ट्रम्पेट वाजवणाऱ्याला त्याहून मोठा फायदा एखाद्या जपानी किंवा अमेरिकी कारखान्याच्या व्यावसायिक मॉडेलने होईल, आणि त्याहून मोठा चांगल्या माउथपीसने. उन्हात, धुळीत, चालत वाजवण्याच्या कामाला अतिशय बारीक फटीचे पिस्टन उलट त्रासाचे ठरतात.

१५. निर्मात्याला मागणी कळवताना काय लिहावे?

‘उबदार’, ‘गडद’, ‘झळाळता’ हे शब्द प्रत्येकाच्या डोक्यात वेगळे असतात. त्यापेक्षा सध्या कोणता ट्रम्पेट आणि माउथपीस वाजवता, त्यावर कोणते स्वर त्रास देतात, किती वेळाने थकता, कुठे आणि कोणाबरोबर वाजवता, हे लिहावे. स्वतःच्या वाजवण्याचे साधे ध्वनिमुद्रण सोबत पाठवावे. चांगला निर्माता उत्तरादाखल प्रश्न विचारतो. जो काहीही न विचारता फक्त पर्यायांची यादी पाठवतो, त्याच्याकडून मी कस्टम ट्रम्पेट घेणार नाही.

१६. कोकण, गोवा आणि मुंबईच्या हवेत कोणते फिनिश (बाहेरचा लेप) टिकते?

हा प्रश्न गोव्यातून अधिक येतो, आणि ते साहजिक आहे. चर्चच्या संगीतशाळांतून ट्रम्पेट शिकण्याची तिथली परंपरा जुनी आहे, आणि हळदोण्याच्या चिक चॉकलेट यांच्यासारखे वादक त्याच मातीतले. दमट हवेत उघडे पितळ लवकर काळवंडते आणि हाताला वास राहतो. चांदीचा मुलामा काळा पडतो, पण पुसून उजळतो आणि घामाला लॅकरपेक्षा (पारदर्शक वार्निशपेक्षा) चांगले तोंड देतो. त्यामुळे किनारपट्टीसाठी माझी शिफारस चांदीची. आतून होणारी झीज मात्र फिनिशने थांबत नाही. लीडपाइपवर बाहेरून गुलाबी ठिपके दिसू लागले, तर जस्त निघून जात आहे आणि पाइप आतून सडतो आहे असे समजावे. वाजवून झाल्यावर पाणी काढणे आणि आठवड्यातून एकदा लीडपाइपमधून ब्रश फिरवणे, एवढ्याने तो कितीतरी वर्षे जास्त टिकतो.

१७. परदेशातून मागवताना काय काळजी घ्यावी?

फुंकवाद्ये कस्टम्स टॅरिफच्या ९२०५ या शीर्षाखाली येतात. सीमाशुल्क आणि जीएसटीचे दर बदलत असल्याने त्या दिवशीचा दर कस्टम्स एजंटकडून लेखी घ्यावा. किंमत कमी दाखवण्याची सूचना कोणी केली तरी मानू नये, कारण वाटेत नुकसान झाले तर विमाही तेवढ्याच कमी रकमेचा मिळतो. स्वतःचा ट्रम्पेट घेऊन परदेशी जाताना विमानतळावरील कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यावे, म्हणजे परतताना तो नवीन खरेदी समजला जात नाही.

१८. घेतला आणि नंतर जुळला नाही, तर?

आधी किमान तीन महिने थांबावे, आणि त्या काळात जुना ट्रम्पेट कपाटात ठेवावा. रोज दोन्ही वाजवत राहिल्यास शरीर एकाशीही जुळत नाही. त्यानंतर गॅप तपासावी (प्रश्न ९) आणि निर्मात्याला कळवावे. अनेक जण लीडपाइप बदलून देतात किंवा सांध्यांचा ताण काढून देतात. विकायचीच वेळ आली, तर नावाजलेल्या निर्मात्याचे नेहमीचे मॉडेल लवकर विकले जाते. अगदी वैयक्तिक आवडीचे, नाव कोरलेले ट्रम्पेट बराच काळ पडून राहतात.

१९. समोर ऐकणाऱ्यांना माझ्या जुन्या आणि नव्या ट्रम्पेटमध्ये फरक कळत नाही, पण मला कळतो. मग पैसे वाया गेले का?

नाही. प्रश्न ६ मधील प्रयोग बेलच्या जाडीबद्दल आणि थरथरीबद्दल बोलतात, वाजवणाऱ्याच्या श्रमाबद्दल नाही. ज्या ट्रम्पेटवर हळू स्वर न फुटता सुरू होतो, ज्यावर तिसऱ्या तासालाही ओठ साथ देतात, ज्यावर सूर दुरुस्त करण्यात लक्ष खर्च होत नाही, त्यावर वादक अधिक धोका पत्करतो आणि अधिक लांबीची वाक्ये घेतो. प्रेक्षकांना धातू ओळखू येणार नाही, पण कार्यक्रमाच्या शेवटच्या गाण्यात उंच स्वर अर्धवट तुटला नाही, हे त्यांच्या कानांपर्यंत पोहोचते. म्हणून नवा ट्रम्पेट घेतल्यावर सोबत्याला पहिल्या नव्हे, शेवटच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण करायला सांगावे, आणि जुन्या ट्रम्पेटवरच्या तशाच ध्वनिमुद्रणाशेजारी ठेवून ऐकावे.